शेळीनं नाकारलेलं झुडूप

शेळी काय खात नाही याची यादी फार लहान आहे. बाभळीचे काटे चुकवत ती ओठांनी पाला अलगद काढून घेते, बोरीच्या जाळीत मान घालते, वाळत घातलेल्या लुगड्याचा पदरही एकदा चघळून बघते. अशा जनावरानं एखाद्या हिरव्यागार झुडपाचा वास घेऊन तोंड फिरवावं, म्हणजे त्या झुडपात काहीतरी असणार. कळप पुढे गेल्यावर बांध बघावा. गवत खुडलेलं, बोरीचे शेंडे गायब, आणि मधे अडुळसा जसाच्या तसा, एक पान न तुटलेला.

म्हणूनच तो कुंपणाला लावतात. त्याची औषधी कीर्ती नंतरची; खेड्यात तो आधी कुंपण असतो. आमच्या मळ्याच्या पश्चिमेच्या बांधावर अडुळशाची जी रांग आहे ती कुणी खोकल्यासाठी लावलेली नाही. विहिरीकडून येणारी पायवाट आणि भाजीचे वाफे यांच्या मधे आजोबांना आडोसा हवा होता. तारेचं कुंपण तेव्हा चैनीत मोडायचं. शेजारच्या बांधावरून काड्या मागून आणल्या, आषाढात टोचल्या, झालं. त्या रांगेनं इतक्या वर्षांत खत मागितलं नाही की फवारणी मागितली नाही. वर्षा-दोन वर्षांनी कोयत्यानं डोकी छाटायची, की पुन्हा खालून फुटवे. छाटलेला पाला गुरं खात नाहीत, म्हणून तो खड्ड्यात जातो. जे झाड राखावं लागत नाही, त्याच्याकडे लक्षही जात नाही. तुळशीला वृंदावन मिळालं, बेल-शमीला सणवार मिळाले, अडुळशाला बांध मिळाला.

तरी जवळून बघण्यासारखं झुडूप आहे हे. दीड-दोन मीटर सहज वाढतं, मोकळं सोडलं तर आणखी वर जातं. पानं समोरासमोर, चांगली वीतभर, दोन्ही टोकांना निमुळती, वरून गडद आणि खालून फिकी. पेरांपाशी फांदी किंचित सुजल्यासारखी दिसते. पान चुरगळलं की हिरवट, उग्र वास येतो आणि बोटं दिवसभर तो सोडत नाहीत. हेच पान सावलीत वाळवलं तर तो वास निवतो आणि चहाच्या जवळपासचा एक वास त्याला येतो. कडूपणा मात्र वाळवून, उकळून, कशानंही जात नाही.

आणि फूल. पौष-माघात थंडी सरायला लागली की फांद्यांच्या टोकांना हिरव्या पाकळ्यांसारख्या छदांच्या दाट कणसातून पांढरी फुलं एकेक करून बाहेर येतात. एका कणसावरची सगळी फुलं एकदम कधीच उमलत नाहीत. आज दोन, उद्या एक, परवा तीन, असा कारभार. फुलाला दोन ओठ. वरचा ओठ टोपीसारखा पुढे वाकलेला, त्याच्या आडोशाला दोनच पुंकेसर. खालचा ओठ तीन भागांचा, पसरट, आणि त्यावर जांभळट-गुलाबी रेघा घशाच्या आत उतरत गेलेल्या. त्या रेघा मधमाशी-भुंग्यांसाठी असतात. मोठा काळा भुंगा खालच्या ओठावर उतरतो, तेव्हा त्याच्या वजनानं फूल झुकतं. तो रेघांच्या मागोमाग डोकं आत घालतो आणि वरच्या ओठाखालचे परागकोश त्याच्या पाठीवर घासले जातात. पाठ पिवळसर करून तो पुढच्या फुलावर. निघंटूंनी, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांनी, ह्या उघड्या जबड्याकडे बघून झाडाला ‘सिंहास्य’ म्हटलं. आम्ही पोरं त्या सिंहाला मागून पकडायचो, नळी उपटून तिच्या टोकाचा गोड थेंब चोखायचो. एवढ्या कडू झाडात गोड म्हणून जे काही आहे ते तेवढंच, आणि तेही भुंग्यासाठी ठेवलेलं. फुलं भरपूर, बोंडं मात्र मोजकी धरतात. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया. बोंड वाळून तडकलं की आतल्या आकड्यांच्या जोरावर बिया लांब फेकल्या जातात. कोरांटी, कारवी, काळमेघ ही सगळी ह्याच कुळातली भावंडं. त्यांतली कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून लोक गाड्या करून घाटात जातात. हा दरवर्षी दाराशी फुलतो, त्याचं कुणाला काय.

शेळीला जे नको असतं त्याचं नाव वासिसिन. 1888 साली डेव्हिड हूपर यांनी ते पानांतून वेगळं केलं. हे गृहस्थ निलगिरीत सरकारी सिंकोना लागवडीवर, म्हणजे कोयनेलच्या कामावर, रसायनज्ञ होते. हिवतापावरच्या एका कडू सालीचा अभ्यास करणाऱ्या माणसानं दुसऱ्या कडू पानाकडे वळावं यात नवल नाही. वासिसिनच्या जोडीला वासिसिनोन आणि त्याच घराण्यातले आणखी काही अल्कलॉइड, म्हणजे झाडातली कडू रसायनं, पानात असतात. झाडानं ते बनवले ते आपल्या खोकल्याची काळजी म्हणून नव्हे. जागचं हलता येत नसेल तर खाणाऱ्याचं तोंड कडू करणं हाच उपाय उरतो. आपण त्या उपायाला नाना कामांना जुंपलं, एवढंच.

ही कामं बघितली की गंमत वाटते. सतलजच्या खोऱ्यात भाताच्या चिखलात अडुळशाचा पाला पसरून कुजवायची जुनी रीत होती. त्यानं खत तर व्हायचंच, शिवाय खाचरात माजणारं शेवाळ आणि पाणतण दबायचं. उत्तरेत फळं साठवताना त्यांच्यामधे हाच पाला घालत, बुरशी आणि किडीपासून राखण म्हणून. धान्याच्या कणगीत कडुनिंबाच्या जोडीला अडुळशाची सुकी पानं टाकणारी घरं आपल्याकडेही होती. पानं उकळली की पिवळा रंग निघतो, निळीच्या जोडीनं तो हिरव्याकडे झुकतो. लाकडाचा कोळसा हलका, म्हणून तो बंदुकीच्या दारूत वापरायचे. दारूचा आणि वासिसिनचा काही संबंध नाही. पण खोकल्यावरचं झाड तोफेच्याही कामाला यायचं हे मला कुठेतरी सांगायचंच होतं, म्हणून सांगून टाकलं.

आता खोकला. आमच्याकडे अडुळशाचा रस काढायचा म्हणजे एक सोहळा असायचा, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे: ताज्या पानातून रस निघत नाही. पाट्यावर कितीही वाटा, हिरवा चिकट गोळा होतो, फडक्यातून पिळला तर दोन-चार थेंब. मग आजी काय करायची? पानं पुसून घ्यायची, शिरा मोडायची, सगळी एकावर एक रचून वडाच्या पानात घट्ट गुंडाळायची आणि वरून सुतळी. त्या पुडक्याला अंगणातल्या काळ्या मातीचा चांगला बोटभर थर. मग ते चुलीत, जळत्या लाकडाखाली नाही, बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांत. माती आधी वाफाळायची, मग पांढुरकी पडायची, मग तिला तडे जायचे आणि हळूहळू लालसर रंग चढायचा. तेव्हा चिमट्यानं बाहेर. माती फोडली की वडाचं पान करपलेलं आणि आत अडुळसा शिजून मऊ, काळपट हिरवा. तो गरम असतानाच फडक्यात पिळायचा. हात भाजतात, पण गार झाला तर रस पुन्हा आखडतो. आता मात्र वाटीच्या तळाला भरपूर रस जमायचा, दाट, गडद. त्यात मध. चमचाभर जिभेवर पडला की डोळे आपोआप मिटायचे.

शाळेच्या वयात हे सगळं आजीच्या हौसेचं वाटायचं. पुढे कळलं की हा पुटपाक, आणि शार्ङ्गधरसंहिता ह्या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्वरसाच्या, म्हणजे पिळून काढलेल्या रसाच्या, प्रकरणात तो असाच सांगितला आहे: पाल्याचा कल्क म्हणजे वाटलेला गोळा, त्याला वडा-जांभळाच्या पानांचं वेष्टन, वर मातीचा लेप, आणि लेप लाल होईपर्यंत आच. आजीला संस्कृतचा गंध नव्हता. तिला ते तिच्या सासूनं दाखवलं होतं, आणि सासूला कुणीतरी. वैद्यांच्या पोथीतून चुलीपाशी आलं की चुलीपासून पोथीत गेलं, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

वैद्यांमध्ये अडुळशाविषयी एक श्लोक फार प्रसिद्ध आहे:

वासायां विद्यमानायामाशायां जीवितस्य च ।
रक्तपित्ती क्षयी कासी किमर्थमवसीदति ॥

अडुळसा हाताशी आहे आणि जगण्याची आशा शिल्लक आहे, मग रक्तपित्ताच्या, क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्यानं खचून का जावं? श्लोक अडुळशाच्या स्तुतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातला ‘आशायां’ हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. श्लोककर्त्यानं अट दोन्हींची घातली आहे. नुसत्या पाल्यावर त्याचा भरवसा नव्हता.

रक्तपित्त म्हणजे नाकातोंडावाटे किंवा खालून रक्त जाणं. उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटला की अडुळशाचा रस खडीसाखर घालून द्यायचे तो ह्याच हिशेबानं. आयुर्वेदात अडुळसा कडू-तुरट, शीत आणि रूक्ष मानतात. तो कफ आणि पित्त शमवतो. ह्यातलं ‘रूक्ष’ लोक विसरतात. छाती भरलेली आहे, बेडका सुटत नाही, घुरघुर चालू आहे, तिथे अडुळसा शोभतो. पण कोरडा, ठसक्याचा, रात्री झोपू न देणारा खोकला असेल तर एकट्या अडुळशानं घसा आणखी सुकतो. म्हणून जुनी माणसं ज्येष्ठमध, मध किंवा तूप ह्यांच्या संगतीनं तो देत. वासाघृत, वासावलेह असे कल्प आहेत ते त्यासाठीच. दम्याच्या माणसानं सुक्या पानांची विडी करून ओढायची अशीही एक चाल होती. धुरानं दमा शमवणं आज ऐकायला विचित्र वाटतं, पण मागच्या शतकापर्यंत धोतऱ्याची पानं घातलेल्या ‘दम्याच्या सिगारेटी’ विलायतेतल्या दुकानांतही मिळत होत्या, तेव्हा आपण एकट्यानंच लाजायचं कारण नाही.

घरगुती काढ्यात अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, बेहड्याचं साल, सुंठ, दोन मिरी आणि शेवटी खडीसाखर असं सगळं चार पेले पाण्यात टाकून एक पेला उरेपर्यंत आटवायचं. घराघरांत एखाद-दुसरा जिन्नस बदलतो. काही घरांत पानं जाळून त्यांची राख मधातून चाटवतात. एक वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळाला मात्र मध चाटवू नये, त्यातून क्वचित फार गंभीर विषबाधा होते. हे आता डॉक्टर आवर्जून सांगतात आणि आज्या तितक्याच आवर्जून ऐकत नाहीत.

आमच्या पिढीला अडुळसा भेटला तो बाटलीतून. दवाखान्याच्या कोपऱ्यात मिळणाऱ्या तपकिरी बाटल्यांत ‘ग्लायकोडिन टर्प वसाका’ असं लांबलचक नाव असायचं. त्यातला वसाका म्हणजे आपल्या बांधावरचा अडुळसाच, हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. वासिसिनच्या रेणूचा धागा धरून 1960 च्या दशकात जर्मन रसायनज्ञांनी ब्रोमहेक्सिन नावाचं औषध बाजारात आणलं. मूळ सांगाड्यात फेरफार आणि वर ब्रोमिनचे दोन अणू. त्यानं घट्ट कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर टाकता येतो. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं त्यातलं एक म्हणजे अँब्रॉक्सॉल. तेही पुढे स्वतंत्र औषध म्हणून आलं. आज कुठल्याही केमिस्टकडे कफाचं सिरप मागा आणि बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. ह्या दोहोंपैकी एक नाव त्यात सापडायची शक्यता बरीच आहे. अडुळसा नको, ते जुनाट प्रकार नकोत, असं म्हणत सिरपची बाटली घेऊन जाणारा माणूस अडुळशाच्या नातवाला घरी नेत असतो.

आपल्याकडेही काम झालं. 1959 साली अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’ नियतकालिकात वासिसिनोन हे श्वासनलिका रुंदावणारं द्रव्य म्हणून मांडलं. 1996 साली विलायतेतल्या ग्रेंज आणि स्नेल यांनी ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असं दाखवलं. हे वाचून श्लोकातला ‘क्षयी’ एकदम खरा ठरला असं म्हणायचा मोह होतो. तिथेच थांबावं. काचेच्या बशीतल्या जंतूवर चालणं आणि माणसाच्या फुफ्फुसातल्या क्षयावर चालणं यांत फार अंतर आहे. क्षयाला ठरलेली औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, ती महिनोन्‌महिने न चुकता घ्यावी लागतात आणि त्यांनी रोग बरा होतो. काढ्यावर विसंबून ती सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. करोनाच्या काळातही असंच झालं. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं अडुळसा आणि गुळवेल यांच्या चाचणीला मंजुरी दिल्याची बातमी आली. 2021 मध्ये सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या संस्थेतून उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, अडुळशाच्या अर्कानं फुफ्फुसातला दाह आणि प्राणवायूच्या कमतरतेचे परिणाम कमी झाले असे. उंदरांवरचे, हा शब्द फॉरवर्ड होताना गळून पडला. आठ दिवसांत आमच्या बांधावरची निम्मी रांग लोकांनी ओरबाडून नेली. इतक्या वर्षांत शेळ्यांनी जे केलं नाही ते व्हॉट्सअ‍ॅपनं केलं.

त्या गर्दीत एक जण सुनेसाठी पाला न्यायला आली होती. सून पाच महिन्यांची गरोदर, खोकला झालेला. आईनं तिला बांधावरच अडवलं आणि पाल्याची पिशवी चक्क काढून घेतली. बाई रागावल्या. झाडपाल्याचं काय होतंय, असं म्हणत गेल्या.

झाडपाल्याचं बरंच काही होतं. तेच वासिसिन गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं 1970 च्या दशकात ह्याच गुणावर मोठं काम केलं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला आणि गर्भ पाडायलाही हे द्रव्य वापरता येईल का, हा त्यांचा विषय. सुईणींना हे पूर्वीपासून ठाऊक असावं. सुखप्रसवासाठी नाभीखाली अडुळशाच्या मुळाचा लेप जुन्या ग्रंथांनी सांगितला आहे, आणि तो प्रसूतीच्या वेळेसाठी सांगितला आहे, पाचव्या महिन्यासाठी नाही. आमच्या आईला वासिसिन माहीत नाही. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही एवढं माहीत आहे, कारण तिच्या सासूनं पुटपाक दाखवतानाच ते बजावलं होतं. फॉरवर्डमध्ये कृती येते, ही अट येत नाही. ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ ह्या वाक्याची मला म्हणूनच चीड आहे. परिणाम आहे म्हणूनच तर औषध आहे. शेळीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

करोनानंतर बऱ्याच जणांनी अडुळसा लावायचं मनावर घेतलं, त्यांच्यासाठी थोडं लागवडीचं सांगते. बी शोधत बसू नका, काडी लावा. गेल्या वर्षीची, पिकत आलेली, पेन्सिलीच्या जाडीची फांदी घ्या; कोवळा हिरवा शेंडा कुजतो आणि फार जून लाकूड उशिरा फुटतं. 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे, प्रत्येकावर तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरपा. पानं काढून टाका, वर एखादं अर्धं ठेवलं तर चालतं. दोन पेरं मातीत जातील अशी काडी जरा कलती टोचायची. पावसाळ्याची सुरुवात सगळ्यात सोपी. पाणी घालायची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत काड्या लावून पावसाळ्यात जमिनीत हलवता येतात. आठवड्या-दोन आठवड्यांत फूट दिसली तरी नाचू नका, ती काडीतल्या साठ्यावर आलेली असते. मुळं नीट धरायला दोनेक महिने लागतात. तोवर ओढून बघायची खाज आवरावी.

जमीन कुठलीही चालते, पाणी साचणारी सोडून. पाण्यात उभा राहिला की मुळं कुजतात. बाकी मुरूम, खडक, बांधाचा दगडगोटा, सगळं त्याला गोड. अर्ध्या सावलीत पानं मोठी आणि पातळ होतात, उन्हात लहान आणि जाड. शेतात पाल्यासाठी लावायचा तर दोन ओळींत आणि दोन झाडांत 60 सेंटिमीटर ठेवतात; कुंपण करायचं असेल तर त्याच्या निम्म्यावर. पहिल्या वर्षी पाला तोडायची घाई करू नये. पुढे वर्षातून दोनदा छाटणी निभावते. पाला सावलीत, पातळ पसरून, उलटापालटा करत वाळवायचा. उन्हात वाळवलेला काळा पडतो आणि घेणारा नाक मुरडतो.

घेणारा असला तर. खरी अडचण इथे आहे. अडुळसा माळावर, ओढ्याकाठी, पडक्या वाड्यांत इतका आपोआप वाढतो की औषधी कारखान्यांना लागणारा बराचसा पाला रानातून गोळा होऊन येतो. गोळा करणाऱ्याला भाव बेताचाच मिळतो, आणि त्या भावाशी स्पर्धा करत शेतात अडुळसा लावणं परवडायला आधी खरेदीदार पक्का पाहिजे. ‘औषधी वनस्पती लावा, लखपती व्हा’ छापाच्या शिबिरांना जाऊन आलेल्यांनी हा प्रश्न तिथे विचारला होता का, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. बांधावर लावा, फुकटचं कुंपण होईल आणि पाला मिळेल. मुख्य पीक म्हणून लावण्याआधी दहा फोन करा.

रानातून आलेल्या मालात भेसळीचा धोकाही असतो. सुक्या अडुळशात महारुखाची पानं मिसळलेली सापडतात. गुजरातीत अडुळसा म्हणजे अरडूसी आणि महारुख म्हणजे अरडूसो, तेव्हा काही वेळा हे लबाडीनं होतं आणि काही वेळा नुसत्या गोंधळानं. केरळात तर अडुळसाच वेगळा. तिथले वैद्य बेडोमी जातीचा, लहान पानांचा अडुळसा जास्त गुणाचा मानतात आणि त्याचं मूळ वापरतात. मूळ खणलं की झाड संपलं, म्हणून तो छोटा भाऊ तिथे जपून लावावा लागतो. आपण पानावर भागवतो हे झाडाच्या दृष्टीनं बरंच आहे.

राहिली भाजी. अडुळशाच्या फुलांची भाजी होते हे शहरात सांगितलं की लोक आपल्याकडे काळजीनं बघतात. होते, आणि चांगली होते. सकाळी कणसं खुडून पांढरी फुलं वेगळी काढायची, हिरवे छद टाकून द्यायचे, कारण कडूपणाचा मुक्काम तिथे जास्त. फुलं उकडून, पिळून, भरपूर कांदा, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायची. भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा वरून पेरलेलं बेसन. इथे आमच्या घरात दोन तट आहेत. वहिनी दोनदा उकडते आणि दोन्ही पाणी ओतून देते, मग पोरंही खातात. आई एकदाच जेमतेम वाफवते. दोनदा पाणी फेकायचं तर अडुळसा कशाला, कोबी करा, असं तिचं म्हणणं. मी आईच्या बाजूची आहे, पण जेवताना वाढून घेते ती वहिनीची.